खोटे कान

कणकवलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी फोटो काढते.
माणसांचे नाही, त्यांच्या पडद्यांचे.
हनुवटी इथे, कपाळ पट्टीला,
हिरव्या टिंबाकडे बघा,
आणि श्वास धरू नका.
सगळेच धरतात.

त्या मंगळवारी द्वारका मेथर.
विजयदुर्गाहून पहिल्या एसटीने,
मासळीची टोपली शेजारणीकडे सोपवून.
साखर बारा वर्षांची.
नोटा बोटांनी ओळखते, गिऱ्हाइकं आवाजाने.

स्क्रीनवर तिचा डावा डोळा उगवला,
केशरी, वर तांबड्या वाटा.
उजव्यात जेवढं उरलंय तेवढ्याने तिने पाहिलं:
"ह्या काय गो? वाघोटणची खाडी?"
खरंच तशी. मोठं पात्र, फाटे, फाट्यांचे फाटे,
कांदळात शिरून दिसेनासे होणारे.
फक्त वरच्या कडेला एक गुंता,
जिथे कुठलंही पाणी जायला नको होतं.

सांगायचं काम डॉक्टरांचं.
पण डॉक्टरांपुढे चाळीस डोळे बसले होते.
म्हणून मीच म्हटलं, मावशी,
पडद्याचा तुकडा उपाशी राहिला की हाळी देतो.
जवळच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत कान असतात,
रिसेप्टर म्हणतात,
अर्धे बाहेर, अर्धे आत.
एकट्या कानाला ऐकू येत नाही.
हाळी दोघांना धरते, जवळ ओढते,
तेव्हा आत ठिणगी पडते
आणि भिंतीला कोंब फुटतो.

"रापणीसारख्या," ती म्हणाली.
"दोन दोर. एकट्यान वडलंस तर जाळा उलटता."

तीन वर्षं शिकले.
हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

नवा कोंब घाईचा, कच्चा.
खारबंधाऱ्याला खेकडे लागावेत तसा पाझरतो.

"मगे सुयेत काय भरतत?"

कानच, मावशी. खोटे.
बाहेरचे अर्धे तेवढे घेऊन जोडलेले,
आत कुठेच न पोचणारे.
हाळी येते, त्यांना चिकटते, तिथेच विरते.

"म्हणजे आयकतत आणि कोणाक सांगनत नाय!"
ती इतकी हसली की फोटो हलला.
"अशे कान आमच्या वाडीत होये होते."

मग तिचा हात माझ्या पोटावर. सातवा महिना.
"आणि हय?"

इथेही तीच हाळी.
वारेला रक्त पोचवायचं तर ऐकायलाच हवं.
म्हणून तर सिस्टर गवंडळकर मला
सुईच्या खोलीत पाठवत नाहीत.
नियम कुठे लिहिलेला नाही, त्यांनी ठरवलाय.

चार आठवड्यांनी ये, म्हटलं.
बोटं मोजून म्हणाली, अमावस्या, उधाण.
आली नाही.
आली ती नऊ दिवस उशिरा,
सुक्या बांगड्यांची पुडी माझ्या टेबलावर ठेवून,
वासाने सगळा ओपीडी जागा झाला.

फोटोत गुंता ओसरलेला.
ओहोटीला चिखलात नुसती रेघ राहते, तसा.
मी तिला दाखवायला वळले
तर ती स्क्रीनकडे बघतच नव्हती.

"तुझा तोंड आज दिसला," म्हणाली.
"सुजलाहा गो."

झोप कमी झालीय, मी म्हटलं.
ती खाली वाकली, माझ्या नडगीवर अंगठा दाबला.
खड्डा पडला. भरायला वेळ लागला.

पुस्तकात होतं ते, शेवटच्या धड्यात, परीक्षेला न येणारं:
कधी कधी वारच रक्तात खोटे कान सोडते,
बाहेरचे अर्धे, सुटे, भरमसाट.
आईच्या अंगभरच्या भिंती हाळीवाचून बसतात.
रक्तदाब चढतो.
ना कारखाना, ना कुपी, ना सही.

सिस्टरनी पट्टा गुंडाळला.
एकशे अठ्ठावन्न. परत बघितलं. तेवढंच.
फोन लागले, ओरोसला गाडी निघायची होती.
द्वारका माझी पर्स धरून दारात उभी,
एसटी चुकली तरी.

"श्वास धरू नकोस," सिस्टर म्हणाल्या.
धरलाच होता.